मैनेला बोलायची परवानगी

फार पूर्वी एका कोरड्या जंगलात, कुठल्या महिन्यात कुठे पाणी मिळतं, हे एकट्या म्हाताऱ्या हत्तीला पाठ होतं. उद्या त्याला काही झालं तर? म्हणून सभेने मैनेला त्याच्या जोडीला नेमलं. हत्ती सांगे ते सगळं ती रोज घोकून ठेवी. फक्त हत्तीचा मान राहावा म्हणून साळिंदर कारभाऱ्याने एक नियम घातला: हत्तीच्या परवानगीशिवाय मैनेने पाणी सांगायचं नाही.

"हत्तीदादा नाहीत असं समजून एकदा तालीम करून बघू या का?" मैनेने विचारलं.

"दादा धडधाकट असताना? काय अभद्र बोलतेस!" सगळे तिच्यावर उखडले.

ऐन वैशाखात हत्ती बेशुद्ध पडला. हरणीची पाडसं तहानेने माना टाकू लागली.

"मला पाणी ठाऊक आहे. सांगू?" मैना म्हणाली.

"दादांना विचार आणि सांग."

"अहो, ते बेशुद्ध आहेत!"

"मग शुद्धीवर येऊ देत," साळिंदर म्हणाला.

मैनेने पाणी सांगितलं नाही. ती नुसती पाण्याच्या दिशेने उडाली, आणि पाडसांना घेऊन हरणी तिच्यामागे निघाली.

पाणी पिऊन त्या परतल्या, तेव्हा कोरड्या घशाने सभेत ठराव वाचला जात होता: वेळीच मैनेची नेमणूक केल्याबद्दल साळिंदर कारभाऱ्यांचं अभिनंदन.