तळव्यांची माती

"पण अक्का, तिला सगळं येतंय ना? मग अडलंय कुठं?"

गोदाक्का आखाड्याच्या काठावरच्या पायरीवर बसून लाल माती चाळत होत्या. चाळणीत एक खडा राहिला. तो उचलून त्यांनी बाजूला ठेवला.

"येतंय की," त्या म्हणाल्या.

"मग?"

"..."

वीणाला या गप्प बसण्याचा फार राग यायचा. त्या आखाड्यात प्रश्न विचारायला कुणाला बंदी नव्हती, पण उत्तराची घाई केली की अक्का चाळणी हातात घेत. चाळलेली माती पायरीजवळच्या एका टोपलीत जमा होई आणि तिच्यावर फडकं टाकलेलं असे. एवढी बारीक माती कशासाठी, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला हाताला चाळा लागतो, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

नदीकाठच्या त्या गावात मुलींचा हा एकच आखाडा. मुली इथं मनोरे रचायला शिकत: एकीच्या खांद्यावर दुसरी, दुसरीच्या खांद्यावर तिसरी. गोदाक्कांनी तो उभा केला आणि त्यांचे गुडघे थकल्यावर त्यांचीच शिष्या वीणा तिथं शिकवू लागली. शिकवायची वीणा, पण कोणती मुलगी कुठं उभी राहणार हे अजून अक्काच ठरवत. मुलींच्या आया वीणाचं सगळं नीट ऐकून घेत आणि निघताना विचारत, "अक्का काय म्हणाल्या?"

वीणा हसून सांगायची. ते हसणं तिला जड जायचं.

आज प्रश्न गार्गीचा होता. गार्गी नऊ वर्षांची, धाकट्यांच्या गटातली. धाकट्यांच्या तीन थरांच्या टोकावर ती डोळे मिटून उभी राहायची आणि वरून खालच्यांना दम भरायची, "हलू नका गं." तिथं आता तिला शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मोठ्या मुलींचा मनोरा पाच थरांचा. त्याच्या टोकावर इतकी वर्षं शर्वरी होती. पण गेल्या उन्हाळ्यात शर्वरी अशी काही वाढली की शाळेच्या स्कर्टची दुमड उसवून उसवून तिची आई थकली. आता ती वर चढली की खालच्या मुली कण्हायला लागत. जिल्ह्याच्या स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. शर्वरीला खाली यावं लागणार हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

"मोठ्या मुलींत गार्गी दबून जाईल, असं वाटतंय तुम्हाला?" वीणानं विचारलं.

"ती? तीच त्यांना दाबंल."

"पडेल म्हणून भिताय?"

"गाद्या हायत. झेलायला पोरी हायत."

"मग वय आडवं येतंय का?"

"वय काय खांद्यावर घेऊन चढत्यात व्हय?"

"मग कशाची वाट बघताय, अक्का?"

अक्कांचा हात थांबला. आखाड्यापलीकडं पिंपळाखाली शर्वरी एकटीच बसली होती. पायाच्या अंगठ्यानं ती जमीन उकरत होती.

"तिनं अजून माती लावली न्हाई," अक्का म्हणाल्या.

ती त्या आखाड्याची रीत होती. टोकावर नवी मुलगी चढणार असेल, तर तिथं आधी उभी राहणारी मुलगी तिचे पाय मांडीवर घेई, ओल्या फडक्यानं पुसे आणि तळव्यांना आखाड्याची कोरडी माती चोळी. मग ती सगळ्यात खालच्या थरात जाऊन उभी राही आणि नवीचा पहिला पाय आपल्या खांद्यावर घेई. मातीनं पाय घसरत नाही, एवढंच कारण सांगितलं जाई.

"एवढंच ना?" वीणा म्हणाली. "मग आजच लावायला सांगते."

अक्कांनी पुन्हा चाळणी उचलली.

*

संध्याकाळी सगळ्या मुली गोळा झाल्यावर वीणानं हाक मारली.

"शर्वरी, गार्गीच्या पायांना माती लाव."

शर्वरी उठून उभी राहिली, पण पुढं आली नाही.

"माझे हात ओले आहेत, ताई."

हात कोरडे होते. ते तिनं पाठीमागं नेले.

मुली एकमेकींकडं बघू लागल्या. गार्गी पाय पुढं करून बसली होती. ते तिनं हळूच जवळ ओढून घेतले.

"राहू दे. मी लावते," वीणा म्हणाली आणि तिनं पायरीकडं पाहिलं.

"लाव," अक्का म्हणाल्या.

वीणानं फडकं घेतलं, पाय पुसले, माती चोळली. काम चोख झालं. मुली भराभर आपापल्या जागी गेल्या. शर्वरीही गेली, सगळ्यात खाली, आणि गार्गीचा पाय तिनं खांद्यावर घेतला.

गार्गी चढली. एक थर, दुसरा, तिसरा, चौथा. इतकी सहज की वीणाच्या छातीत अभिमान मावेना. टोकावर जाऊन ती सरळ उभी राहिली.

आता हात वर करून आखाड्याला सलाम करायचा होता.

हात वर गेला नाही.

गार्गी खाली बघत होती.

"गार्गी, हात," वीणा म्हणाली.

"उतरवा तिला," अक्का म्हणाल्या.

खाली आल्यावर गार्गी वीणाकडं गेली नाही. थेट पायरीपाशी गेली आणि अक्कांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली.

"भ्यालीस?"

"नाही."

"मग?"

"शर्वरीताईचा खांदा रडत होता."

"तुला कुणी सांगितलं?"

"पायाला कळलं."

अक्कांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. वीणानं सगळं ऐकलं होतं. तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला.

*

"स्पर्धा तोंडावर आलीय, अक्का," मुली गेल्यावर ती म्हणाली. "एकीच्या रुसव्यापायी दुसरीला किती थांबवायचं?"

"रुसवा न्हाई त्यो."

"मग काय आहे?"

"वरनं तिला नदी दिसायची," अक्का म्हणाल्या. "आता भिंत दिसंल."

शर्वरीच्या आधी, पुष्कळ वर्षांपूर्वी, त्या टोकावर वीणाच उभी राहायची. नदी तिलाही दिसायची.

"तू उतरलीस तवा आखाड्यात यायची बंद झालीस. आठवतंय? तुझी आई म्हणायची, पोरीच्या पोटात दुखतंय."

वीणाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तेव्हा अक्का एकदाही घरी बोलवायला आल्या नव्हत्या. त्याबद्दल तिनं मनात कितीतरी दिवस अढी धरली होती. मग एका सकाळी ती आपण होऊन आली, तर पायरीवर अक्का तिच्यासाठी शेंगा सोलून बसल्या होत्या.

"मी समजावू का शर्वरीला?"

"समजावल्यानं तू आली असतीस?"

वीणानं नकारार्थी मान हलवली.

गार्गी धाकट्यांत परत गेली. तिथं ती शहाण्यासारखी वागली, कुणाला दमही भरला नाही, आणि तेच वीणाला बघवेना.

*

शेवटी उठली ती गार्गीच. एका संध्याकाळी धाकट्यांचा सराव संपला आणि ती पिंपळाखाली गेली. शर्वरी तिथंच होती. गार्गी तिच्यापासून थोड्या अंतरावर बसली. मग थोडी जवळ सरकली.

"शर्वरीताई, वरून खरंच नदी दिसते?"

शर्वरीनं मान वर केली. "म्हणजे? तू वर गेली होतीस ना?"

"मी खाली बघत होते. तुझ्याकडं. नदी बघायची राहिली."

"वेडी आहेस का गं तू? टोकावर उभं राहून कुणी खाली बघतं?"

"मग कुठं बघायचं?"

"भिंतीच्या वर. बाभळीच्या डाव्या बाजूला." शर्वरीचा हात आपोआप उचलला गेला. "आधी घाट दिसतो, मग पाणी. या वेळेला उन्हानं पाणी पिवळं होतं. आणि मनोरा जरा डुलतो, त्याला घाबरायचं नाही. सगळ्याजणी एकदम श्वास घेतात ना, म्हणून डुलतो."

"हे मला कुणीच सांगितलं नव्हतं."

"कोण सांगणार? बाकीच्या कुठं गेल्यात वर?"

असं म्हटलं आणि शर्वरी उठली. तिनं नळावर फडकं भिजवलं, आखाड्यातून मूठभर माती घेतली आणि पुन्हा तिथंच येऊन बसली.

"पाय दे इकडं."

गार्गीनं पाय तिच्या मांडीवर ठेवले. शर्वरीनं ते पुसले, बोटांच्या बेचक्यांतूनही पुसले. माती चोळता चोळता तिचे डोळे भरून आले आणि टपटप माती ओली झाली.

"ही नको," ती नाक पुसत म्हणाली. "ओल्या मातीनं पाय घसरतो."

तिनं पाय पुन्हा पुसले, दुसरी माती आणली आणि पहिल्यापासून चोळायला लागली. एव्हाना सगळा आखाडा थांबला होता. वीणा दोन पावलं पुढं झाली आणि स्वतःच मागं सरली.

मनोरा उभा राहिला. गार्गी शर्वरीच्या खांद्यावर पाय ठेवून चढली आणि टोकावर सरळ उभी राहिली.

हात वर गेला.

"दिसली," वरून आवाज आला.

सगळ्यात खाली, मान घट्ट धरून, डोळे मिटून शर्वरीनं विचारलं, "कशी आहे?"

"पिवळी."

"पाणी भरपूर आहे का?"

"घाटाच्या पायरीपर्यंत आलंय."

"मग ठीक आहे," शर्वरी म्हणाली. ती हसत होती, आणि तिच्या खांद्यांवरचा अख्खा मनोरा जरासा डुलला.

*

मुली घरी गेल्या. आखाडा झाडून झाला. वीणा पायरीच्या खालच्या अंगाला, मातीतच येऊन बसली. वरच्या पायरीवर अक्कांखेरीज कुणी बसत नसे.

"अक्का, जागा सोडायला इतकं जड जातं?"

"तिनं लई लवकर सोडली," अक्का म्हणाल्या. "गुणाची पोर हाय. मलाच जमंना."

वीणानं वर पाहिलं. अक्कांनी चाळणी बाजूला ठेवली होती. टोपलीवरचं फडकं त्यांनी काढलं, तांब्यातल्या पाण्यात भिजवलं आणि पिळलं. टोपलीतली माती पिठासारखी बारीक होती.

त्या एकेक गुडघा धरत पायरीवरून खाली उतरल्या आणि वीणासमोर मातीत बसल्या.

काय होतंय ते वीणाच्या ध्यानात आलं. तिनं घाईनं पाय पोटाशी घेतले.

"नको, अक्का. तुम्ही माझ्या पायांना हात... नको."

अक्कांनी मांडीवरचा पदर नीट केला.

"रीत हाय," त्या म्हणाल्या. "पाय दे इकडं."