अध्यक्षांचा लाल फेटा

नाट्यगृहाच्या खिडक्यांचे लाल पडदे वर्षभरात विटून गुलाबी झाले आणि नगराध्यक्ष सर्जेराव भर सभेत रंगारीण हौसाबाईंवर घसरले.

"बाईंचा रंगच कच्चा. यापुढे यांना एकही काम द्यायचं नाही."

रंगवलेले पडदे पेटू नयेत म्हणून त्यांवर औषध मारायचा हट्ट अध्यक्षांचाच होता. या औषधानं रंग उन्हात लवकर उडेल, असं हौसाबाईंनी तेव्हाच बजावलं होतं. ऐकतो कोण?

"साहेब, पडद्यांचं कापड उरलं, त्याचा तुम्ही फेटा केलात," हौसाबाई शांतपणे म्हणाल्या. "एकच तागा, एकच कढई. फेटा रोज उन्हात फिरतो, तरी लालभडक. फरक एवढाच, त्याला औषध लागलेलं नाही."

सभेत खसखस पिकली. "हे कशावरून?" अध्यक्ष गुरगुरले.

"द्या फेटा. औषध मारून वर्षभर त्याच खिडकीत टांगते. लालच राहिला, तर दोष औषधाचा नाही, रंग माझाच कच्चा."

अध्यक्षांचे दोन्ही हात डोक्याकडे गेले.

"राहू दे," ते म्हणाले. "पुढचं कामही बाईंनाच द्या. आणि खरं सांगायचं तर, खिडकीला गुलाबीच शोभतो."