कान्हिलाच्या घंटा

पूर्वी धेनुकाकट नगरात पुण्यसाम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वाहतूकदाराच्या घरी जन्माला आला. नाव सामिदत्त. घरचा धंदा गाठोडी पोचवण्याचा. वर नगर, खाली कल्याणचं बंदर, मध्ये घाट. नगरातल्या माणसानं गाठोडं बांधून द्यायचं आणि यांनी ते बैलाच्या पाठीवर घालून ज्याचं त्याला नेऊन द्यायचं. कुणी लेकीला लुगडं धाडी, कुणी भावाला औषधाची मुळी. व्यापारी सुताचे तागे धाडीत, ते पुढे जहाजात चढत.

हा धंदा करणारी नगरात दोनच घरं. एक सामिदत्ताचं, दुसरं कान्हिलाचं. दोन घरं म्हटलं की भांडण आलंच. कान्हिल माणूस हिंमतीचा, पण जिभेला हाड नाही. एका सालात त्यानं लोकांची गाठोडी फुकट नेली. का, तर सामिदत्ताचे बैल गोठ्यात उभे राहावेत म्हणून. सामिदत्त काही बोलला नाही. त्यानं बैलांना विसावा दिला आणि गोठा शाकारून घेतला. कान्हिलाला त्याचाच जास्त राग आला.

दोन्ही घरांच्या बैलांच्या गळ्यात घंटा असत आणि त्यांचा आवाज वेगळा असे. कान्हिलाच्या घंटा काशाच्या, जाड, ठणठणणाऱ्या. सामिदत्ताच्या बारीक. घरात बसलेल्या बाईलासुद्धा आवाजावरून कळे, कुणाचा तांडा आला ते. घंटा ज्याची, गाठोड्याची जबाबदारी त्याची, असा त्या धंद्याचा कायदा होता. बैल भाड्याचे असोत नाहीतर मागून आणलेले असोत, ते कुणी विचारीत नसे. आणि एखाद्या घरानं धंदा मोडला, तर ते आपल्या बैलांच्या घंटा काढून घेई. मग त्या घराला कुणी चिंधीही देत नसे. हे नगरातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

एका सालात वारा फिरायला आला होता. वारा फिरला की जहाजं निघणार, ती पुन्हा पुढल्या सालीच येणार. दोन्ही घरांच्या कोठारांत गाठोडी छताला लागली होती. अशा ऐन वेळी कान्हिलाच्या बैलांना लाळ्या रोग झाला. तोंडात फोड, खुरांत जखमा, लाळेच्या तारा भुईपर्यंत. त्यानं सगळे बैल नगराबाहेर टेकडीमागच्या ओहोळात नेऊन कुंपणात ठेवले. तेवढं शहाणपण केलं. आणि दुखणाईत जनावराची मान घंटेनं जड होऊ नये, ही हाकणाऱ्यांची जुनी रीत, म्हणून त्यानं त्यांच्या घंटा काढल्या. त्या काढल्या कुठे, तर बैल बाहेर नेताना वेशीत, भर बाजाराच्या दिवशी, सगळ्या जगासमोर. जन्मभर बैलांत राहिलेला माणूस तो. बैलाची मान तेवढी दिसली, लोकांचे डोळे दिसले नाहीत. लोकांनीही घंटा तेवढ्या पाहिल्या, जनावरांच्या तोंडाकडे कुणी बघितलं नाही.

झालं. दुपार व्हायच्या आत नगरात एकच बोंब. कान्हिल बुडाला, कान्हिलानं घंटा उतरवल्या. लोक त्याच्या कोठारावर धावले. जो तो आपलं गाठोडं उपसून काढू लागला. कान्हिलाची बायको दारात आडवी उभी राहून सांगत होती, "अहो, घंटा नुसत्या काढून ठेवल्यात, धंदा मोडला नाही." कोण ऐकतो? लोक बुडणाऱ्या माणसाला हात देत नाहीत. त्याच्या खांद्यावरची घोंगडी मात्र आधी काढून घेतात.

तीच गाठोडी घेऊन लोक सामिदत्ताच्या दारात आले. अंगण भरलं. त्याचा कारभारी नंदक हर्षानं लाल झाला होता.

"धनी," तो म्हणाला, "देवानं ताट वाढून समोर ठेवलंय. हात धुवा आणि बसा."

"कान्हिलाला काय झालं?" सामिदत्तानं विचारलं.

"काय व्हायचंय? माजला होता, उतरला. आपल्याला काय करायचंय?"

सामिदत्त उठला आणि कान्हिलाच्या बायकोला विचारून टेकडीमागे गेला. बैल नुसते पडून होते. कान्हिल एका बैलाचं तोंड मांडीवर घेऊन फडक्यानं जीभ पुसत होता. त्यानं वर पाहिलं.

"आलास? गिधाडं जरा थांबतात तरी. जनावर मेल्यावर उतरतात."

"खुरांना काय लावतोस?"

"तुझं डोकं लावतो! जा की बाबा घरी. माझी गाठोडी आलीत ना तुझ्या अंगणात? मोज बस."

सामिदत्त गेला नाही. त्यानं बैलाची खुरं पाहिली, मग शेजारी बसला. शेवटी कान्हिलाचाच बांध फुटला. तो म्हणाला, "बैल उठतील रे. आपल्याकडचा बैल या रोगानं मरत नाही, आठवड्या-दोन आठवड्यांत उठतो. पण जहाजं थांबणार नाहीत. यंदा माझ्या घंटा घाट उतरल्या नाहीत, तर पुढल्या साली मला दारात कोण उभं करील? आजोबापासूनचं घर माझ्या हातनं गेलं बघ." आणि बैलाच्या मानेत तोंड घालून तो माणूस रडला.

सामिदत्ताच्या मनात त्या वेळी काय आलं? दोन वाटा समोर होत्या. गप्प राहिला असता तर नगरातलं एकूण एक गाठोडं त्याचं होतं, आणि त्यात त्याला कुणी चोर म्हटलं नसतं. पण त्याला वाटलं, की या माणसाला आपण हरवलं असतं तर गोष्ट वेगळी. याला तर एका फोडानं हरवलंय. त्या फोडाची कमाई मी खाऊ?

तो म्हणाला, "घंटा दे तुझ्या."

"कशाला?"

"माझे बैल चांगले आहेत. तुझ्या घंटा बांधून तुझी गाठोडी खाली नेतो. पोचली की ती तुझी पोच."

कान्हिलानं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "यात तुझा डाव काय?"

"डाव असता तर अंगणात बसलो असतो."

घंटा एका पोत्यात होत्या. चामड्याच्या पट्ट्यांसकट. पट्टे ओले होते, चिकट होते. कान्हिलानं ते पोतं उचलून दिलं, सामिदत्तानं खांद्यावर घेतलं. दोघंही बैलांतली माणसं. पिढ्यान्‌पिढ्या बैलांत गेलेली. ते पट्टे उकळत्या पाण्यात घालावेत, निदान राखेनं घासावेत, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. एकाला लाज वाटत होती आणि दुसऱ्याला घाई होती.

नंदकानं कपाळ बडवून घेतलं. "धनी, वेड लागलं का तुम्हाला? वैऱ्याच्या घंटा आपल्या बैलांना? उद्या त्याचं नाव होईल, आपलं काय होईल?"

"गाठोडी पोचतील," सामिदत्त म्हणाला.

त्यानं लोकांना सांगितलं, "कान्हिलाची गाठोडी कान्हिलाच्या कोठारात परत न्या. त्याचा तांडा सकाळी निघतोय." लोक कुरकुरले. पण सकाळी काशाच्या घंटा ठणठणत रस्त्यावर आल्या आणि नगराचं तोंड बंद झालं. काल दारातून गाठोडी ओढून नेणारेच आज कान्हिलाच्या बायकोला म्हणत होते, "आम्हाला ठाऊकच होतं हो वहिनी."

दोन्ही घरांची गाठोडी एका तांड्यात खाली गेली. पुढे कान्हिलाच्या घंटांचे बैल, मागे सामिदत्ताच्या. जहाजं निघायच्या आत सगळा माल चढला. कान्हिलाचा शब्द राहिला. बंदरावर सामिदत्तानं त्याच्या घंटा काढून पोत्यात भरल्या, आपल्या बांधल्या आणि तांडा माघारी वळवला. त्या दिवशी तो सुखी होता. तेवढा एकच दिवस.

घाट चढताना पुढचा बैल थांबला. तोंडातून लाळेची तार. मग दुसरा, मग तिसरा. सामिदत्तानं पोत्यातला पट्टा काढून हातात धरला आणि त्याला सगळं समजलं. आता समजून काय उपयोग? त्यानं तांडा तिथंच थांबवला. पण तोवर दोन बैल उधळून पुढे गेले होते, पाण्याच्या वासानं वेशीतल्या हौदावर पोचले होते, आणि त्या हौदावर सगळ्या नगराची गुरं पाणी पीत.

पेरणी तोंडावर आली होती. नगरातले नांगराचे बैल बसले. गाई आटल्या. वासरं तर सकाळी पाहावीत तेवढी मेलेली. शेतकऱ्यांनी स्वतःच्या खांद्यावर जू घेतलं, तरी निम्मी रानं पडीक राहिली. बायका रिकामी चरवी घेऊन गोठ्यातून परतत. नगरात कुणी मोठ्यानं बोलेना.

त्या राज्यात कायदा होता, की गुरांचा रोग वेशीच्या आत जो आणील त्याचं घर, गोठा जप्त करायचा आणि त्याला हाकलून द्यायचं. राजानं सभा बोलावली. तोवर कान्हिलाचे बैल बरे होऊन कुंपणातून परत आले होते. ते आजारी होते हे नगराला कधी कळलंच नव्हतं. कान्हिल गर्दीत उभा होता, तोंड राखेसारखं झालेलं.

आदल्या संध्याकाळी सामिदत्ताची बायको भायला त्याला म्हणाली होती, "अहो, तुम्ही काही खोटं बोलू नका. फक्त खरं सांगा. पट्टे कुणाचे ते सांगा."

"सांगितलं तर त्याला दगड मारतील."

"आणि आपल्याला?"

"पट्टे मी बांधले, भायले. त्यानं नुसते दिले."

तिनं चुलीतली लाकडं मागे ओढली. मग म्हणाली, "सांगणार नाही हे कळलं. मग बरोबर काय न्यायचं तेवढं सांगा."

सभेत राजानं विचारलं, "सामिदत्ता, रोग तुझ्या बैलांनी आणला?"

"होय महाराज. दुखणाईत जनावराचे पट्टे मी न धुता माझ्या बैलांना बांधले. चूक माझी."

"पट्टे कुणाच्या जनावराचे?"

सामिदत्त गप्प राहिला. कान्हिलाच्या कपाळावरून घाम गळत होता. त्यानं एकदा तोंड उघडलं. सामिदत्तानं त्याच्याकडे पाहिलं. एक शब्द, एवढंच काय ते उरलं होतं. कान्हिलानं तोंड मिटलं आणि खाली बघितलं.

"मी विचारतो आहे," राजा म्हणाला.

"महाराज, मी काय केलं ते विचारा, मी सांगतो. दुसऱ्याचं नाव माझ्या तोंडून येणार नाही."

मग राजानं न्याय केला. राजाचं काही चुकलं नाही, नगराची गुरं मेली होती. सामिदत्ताचं घर गेलं, बैल गेले, आणि तो आणि भायला वेशीबाहेर पडली. ज्यांची गाठोडी त्यानं पोचवली होती ती माणसं दोन्ही बाजूंना उभी होती. कुणी थुंकलं, कुणी शेण फेकलं. नंदक कारभारी दुसऱ्या दिवशी कान्हिलाकडे कामाला लागला. कारभाऱ्यांना घर लागतं, कुणाचं ते लागत नाही.

पुढे सामिदत्त घाटात हमाल झाला. बैल चढू शकत नाहीत अशा पायवाटेनं डोक्यावर मीठ घेऊन तो वर जाई. नगरात आता एकच वाहतूकदार उरला होता. कान्हिल सांगेल ते भाडं आणि कान्हिल म्हणेल तो दिवस. लोक शिव्या देत आणि गाठोडं त्याच्याच दारात नेत. एकदा घाटाच्या वळणावर त्याचा तांडा समोरून आला. सामिदत्त ओझ्यासकट कड्याला चिकटून उभा राहिला. कान्हिल पुढच्या बैलाबरोबर चालत होता. त्यानं पाहिलं, ओळखलं, आणि बैलाच्या पाठीवर उगाच थाप मारीत निघून गेला. तांडा संपेपर्यंत सामिदत्त उभा होता. त्यानं मनाला विचारलं, राग आहे का? शोधूनही सापडला नाही. दुःख मात्र होतं, डोक्यावरच्या मिठापेक्षा जड. भायला एका पावसाळ्यात तापानं गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याच घाटात तोही गेला. त्याच्या ओझ्यातलं मीठ वाटेवरच्या लोकांनी वाटून घेतलं.

शास्त्यांनी जेतवनात ही कथा सांगितली तेव्हा एका भिक्खूनं विचारलं, "भगवन्, मग त्या कर्माचं फळ काय मिळालं?"

"त्या जन्मी काही नाही," शास्ते म्हणाले. "करुणा होती, पण प्रज्ञा कच्ची होती. पट्टे धुवायला हवे होते. मुकी वासरं मेली, ते ओझं माझंच. ते फेडायला मला पुढे पुष्कळ जन्म घ्यावे लागले."

मग त्यांनी जन्मांची सांगड घातली. "तेव्हाचा राजा पुण्यसाम म्हणजे आजचा आनंद. भायला म्हणजे राहुलमाता. कारभारी नंदक म्हणजे देवदत्त. आणि सामिदत्त म्हणजे मीच."

भिक्खू थांबले होते. शेवटी एकानं विचारलं, "आणि कान्हिल, भगवन्?"

शास्ते म्हणाले, "तो इथंच बसला आहे, तुमच्यात. चांगला भिक्खू आहे. नाव मी तेव्हा सांगितलं नाही, आताही सांगणार नाही. यालाच मैत्री पारमिता, मैत्रीची पराकाष्ठा, म्हणतात."

तेव्हा त्या सभेतला प्रत्येक भिक्खू खाली बघू लागला.