देवाच्या घोड्याचा खुराक

“देवाच्या घोड्याच्या तोंडचा घास काढायचा हुकूम तुम्हाला कुणी दिला, बाबा?”

सयाजी वाघमोडे दर्ग्याचा ओटा चढता चढताच बोलला. पायताण काढायचं भान राहिलं नव्हतं. अर्ध्यात आठवलं, तेव्हा एक काढलं आणि दुसरं पायातच राहिलं.

चांदशा फकीर परातीत मलिदा चुरत बसले होते. गरम चपात्या, गूळ, तूप. त्यांनी मान वर केली, त्या एका पायताणाकडे पाहिलं, आणि पुन्हा चुरायला लागले.

सयाजीचा राग काही फुकाचा नव्हता. खैरवाडीच्या टेकडीवरच्या खंडोबाचा घोडा सांभाळायचा मान त्याच्या घराण्यात पाच पिढ्यांचा. म्हातारा घोडा गेल्या साली गेला आणि त्याच्या जागी हे शिंगरू आलं. पांढरंशुभ्र, दीड वर्षाचं. चंपाषष्ठीला देवाची रिकामी गादी पाठीवर घेऊन त्यानं दोनशे पायऱ्या चढायच्या होत्या. चढलं तर मान राहणार. मध्येच बसलं तर मान जाणार खालच्या आळीतल्या मारकडांकडे, आणि मारकड आत्तापासूनच नवे फेटे शिवून... फेटे शिवत नाहीत, पण त्यांनी तेही करून ठेवलं होतं म्हणे.

चंपाषष्ठीला उरले होते पंचवीस दिवस.

म्हणून सयाजीनं खुराकात कसर ठेवली नव्हती. सकाळी भिजवलेले हरभरे, दुपारी बाजरी, दिवेलागणीला गूळ-तूप. वर गावाचा नैवेद्य वेगळा. कुणाकडे सण असो की बारसं, पहिली पुरणपोळी देवाच्या घोड्याला. शिंगराचं पोट असं सुटलं, की देवळाच्या कमानीतून आत नेताना पुजारी मागून रेटायचा आणि कमानीचा चुना शिंगराच्या दोन्ही कुशींना लागायचा, असं गाव सांगतं. जनावरच पांढरं, त्यामुळे खरं-खोटं कळायला मार्ग नाही.

मग त्याचे गुडघे भरून आले. चालताना अडखळायला लागलं.

फकिरी घेण्याआधी चांदशांचा जन्म घोड्यांतच गेला होता, आणि सयाजी जे काही शिकला ते त्यांच्याच हाताखाली, तीन वर्षं. म्हणून आता तो त्यांच्याकडे गेला, गुडघ्यांना लावायला लेप मागितला, आणि दोन दिवस सासुरवाडीला जाऊन आला.

येऊन बघतो तर तबेल्याभोवती बोराटीच्या काट्यांचं कुंपण. हरभऱ्याचं पोतं गावच्या बैलांपुढे रिकामं झालेलं. शिंगरापुढे वाळलेलं गवत, थोडा हिरवा घास आणि ओंजळभर दाणा. तीन बायका पुरणपोळ्या घेऊन आल्या तशा परत गेल्या होत्या, आणि संताप इतका, की वाटेत कुणी एक तुकडाही मोडला नाही.

“मी लेप मागितला होता,” सयाजी म्हणाला. “उपास नव्हता मागितला.”

फकिरांनी ताट पुढे सरकवलं. त्यात मलिदा वाढला. दर्ग्याचा प्रसाद, नाही म्हणता येत नाही. सयाजी बसला आणि रागारागानंच जेवला.

खाता खाता बोलतच होता. वाढतं अंग आहे, त्याला खायला लागतंच. असंच चाललं तर आठवड्यात बरगड्या मोजता येतील, आणि मोजायला मारकड सगळ्यांत आधी येतील.

“आज दिसतात बरगड्या?” फकिरांनी विचारलं.

“नाही.”

“हाताला लागतात?”

“...नाही.”

“बोटं दाबली तर?”

सयाजीनं मोठा घास तोंडात कोंबला.

“डोळ्याला दिसू नये, हाताला लागावी. तीन वर्षं तुला दुसरं काय शिकवलं?” फकिरांनी पुन्हा पळी भरून वाढलं.

सयाजीनं तेही संपवलं. त्याचा आवाज चढला. दुसऱ्या घोड्यांचं शास्त्र देवाच्या घोड्याला कसं लावता, म्हणाला. वजन नसेल तर तो देवाचा घोडा दिसेल का कुणाचं खेचर?

“त्याची हाडं अजून ओली आहेत, सयाजी. ओल्या भिंतीवर तू आणि गाव मिळून माडी चढवताय.”

तिसरी पळी.

“लोक भावानं आणतात, बाबा. भावानं आणलेलं परत कसं पाठवायचं?”

“मी तरी कुठं रागानं वाढतोय?”

चौथी पळी. तूप ताटाच्या कडेपर्यंत आलं.

सयाजीनं धोतराची गाठ सैल केली. आता त्याला खाणं आणि भांडणं दोन्ही एकदम जमेना. तरी तो सोडेना. वडिलांचं नाव काढलं, आजोबांचं काढलं. गावात काय तोंड दाखवू, म्हणाला. शिष्याची अब्रू जाताना गुरूला गंमत वाटते, हे आज कळलं, असंही म्हणाला. मात्र हे वाक्य मलिद्यातून वाट काढत आलं, त्यामुळे त्यातला अर्धा राग तोंडातच राहिला.

फकिरांनी पाचवी पळी वाढली. ऐकून घेतलं, मान हलवली, आणि सहावी भरली.

“पुरे.”

पळी खाली येतच होती.

“बाबा, पुरे... उलटून पडेल आता.”

पळी थांबेना. सयाजी पुढे झाला, दोन्ही हात ताटावर आडवे घातले, आणि जवळजवळ त्याच्यावर ओणवाच झाला. कोपरापर्यंत तूप.

पळी हवेतच थांबली.

चांदशा फकीर त्या हातांकडे बघत राहिले.

मग त्यांनी पळी परातीत अशी आपटली, की ओट्यावरची कबुतरं उडाली. तीन वर्षांत सयाजीनं त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. तो आज ऐकला.

“असे दोन हात देवाच्या घोड्याला फुटले, की मला सांगायला ये.”