हसाजी तेल्यानं दिलेलं अक्षर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा नांदखारच्या खाडीवर पूल नव्हता, आणि पलीकडच्या माणसाला हाक मारायची तर आधी वारा कुठला आहे ते बघावं लागे. त्या गावात हसाजी नावाचा तेली होता. तो बेने इस्राएलांपैकी, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांपैकी. ही माणसं शनवारी घाणा जुंपत नसत, म्हणून सगळे त्यांना शनवार तेली म्हणत.

एका पावसाळ्यात कोचीकडचा एक म्हातारा पाहुणा गावात अडकला. समुद्र खवळलेला, मचवे बंद. चार महिने तो हसाजीकडे राहिला आणि जेवल्या अन्नाला जागून त्यानं हसाजीला आपल्या लोकांची जुनी बावीस अक्षरं शिकवली. नांदखारच्या इस्राएलांनी देव जपला होता, सण जपले होते, पण अक्षरं पार विसरली होती.

पाहुणा म्हणाला, "अक्षर नुसतं वाचू नकोस. त्याच्याकडे बघत श्वास घे. बघता बघता ते तुझ्याकडे बघायला लागेल. देवानं आधी अक्षरं केली, आणि त्यांतून वारा, पाणी, विस्तव, आणि आपण."

जाताना त्यानं बजावलं, "ह्यांच्याकडे काही मागू नकोस. जे अक्षर कामाला लावशील, ते तुझ्याजवळ राहणार नाही."

हसाजीला बसून ध्यान करायला वेळ कुठला? तो बैलामागं फिरायचा. एक फेरा, एक अक्षर. डोळे अर्धे मिटलेले, ओठ बंद. बावीस फेरे झाले की बैल आपोआप थांबायचा. बायका तेल न्यायला आल्या की म्हणायच्या, "काका, बैल शिकला, तुम्ही कधी शिकणार?" हसाजी हसायचा. पण त्याच्या घाण्याचं तेल घातलेला दिवा वाऱ्यातही हलत नसे, असं म्हणतात.

त्याच गावात लेयाबाई होती. लग्नाला दोन वर्षं झालेली, मांडीवर सहा महिन्यांची दिना. त्या पोरीला ताप भरला. पाच दिवस उतरेना. काढे झाले, दृष्ट काढून झाली. सहाव्या दिवशी दिनानं अंगावर पिणं सोडलं. लेयाबाई सारखी तिच्या नाकाशी बोट धरून बसायची, श्वास आहे ना बघायची. बोटाला ऊन झळ लागली की तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा.

तो शनवार होता. दुपारी ती पोरीला पदरात घेऊन हसाजीच्या अंगणात आली.

"हसाजीकाका, एक अक्षर लिहून द्या. ताईतात घालते."

"शनवारी लिहीत नाहीत गं, पोरी."

"मग उद्यापर्यंत ही राहील असं तरी सांगा."

हसाजीनं पोरीच्या कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "लेया, बावीस अक्षरांत तीन आया आहेत. एक वाऱ्याची, एक पाण्याची, एक विस्तवाची. हिच्यात विस्तव जास्त झालाय. विस्तवाची आई शीन. तिनं हाक मारली तर तो परत जाईल. पण मग ती माझ्याकडे यायची नाही. आणि आपला शेमा शीननंच सुरू होतो."

लेयाबाईला कळलं. सगळं विसरलेल्या ह्या माणसांजवळ शेमा ही एकच प्रार्थना उरली होती. बारशाला तीच, लग्नाला तीच, आणि मरताना ओठावर तीच हवी. शेमा न म्हणता गेलेला माणूस म्हणजे नाव न सांगता देवाच्या दारात उभा राहिलेला.

'नको काका, राहू द्या', असं तिला म्हणायचं होतं. मनात दोनदा म्हणूनही झालं. पण तोंडातून ते निघालं नाही. ती पदर घट्ट धरून उभी राहिली.

हसाजीनं डोळे मिटले. घाणा उभा, बैल सावलीत. हवेत तिळाचा वास. मग लेयाबाईला वाटलं, अंगण हळूहळू खाडीवरच्या धुक्यासारखं पांढरं होतंय. त्या धुक्यात तीन ज्योती उभ्या राहिल्या, एकाच बुडातून वर आलेल्या, शीन लिहितात तशा. वात नाही, धूर नाही. दिनाच्या अंगातली लाली उठून त्यांच्याकडे चालली, जशी वासरं गाईकडे जातात. मग तिन्ही ज्योती एक झाल्या, खाडीच्या पाण्यावरून दूर दूर गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. कोणी म्हणतं, पलीकडच्या कोळ्यांनीही त्या पाहिल्या.

दिनाचं अंग गार झालं. ती रडली आणि दूध शोधू लागली.

त्या दिवसापासून हसाजीला ते अक्षर दिसेना, त्याचा 'श' बोलताही येईना. शनवारला तो 'आपला वार' म्हणे. लोक चेष्टा करत, "शनवार तेली, तुमचा वार कुठला?" सगळे मिळून शेमा म्हणत तेव्हा तो पहिलं अक्षर गेल्यावर मागून सुरुवात करी. लेयाबाई ते ऐके आणि मान खाली घाली. दिना वाढली, धावू लागली, चुलीशी बसू लागली. लेयाबाईची मान काही वर झाली नाही.

पुढं हसाजी आजारी पडला. सगळे इस्राएल खाटेभोवती जमले. त्याचे ओठ हलत, पण आवाज फुटेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेव्हा लेयाबाई बायकांतून पुढं आली, त्याच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "काका, सुरुवात मी करते."

तिनं फक्त "शे" म्हटलं आणि थांबली. हसाजीनं पुढचा सगळा शेमा स्वच्छ म्हटला. शेवटच्या शब्दाबरोबर त्याचा श्वास गेला. तेव्हा सगळ्या घराला कोवळ्या उन्हासारखा उजेड आला होता, असं म्हणतात.

दुसऱ्या गावांत सगळे शेमा एकदम सुरू करतात. नांदखारला तसं नाही. तिथं आधी सगळे गप्प राहतात. जिच्या कडेवर सगळ्यांत लहान मूल असेल ती बाई पुढं येते आणि एकटीच "शे" म्हणते. बाहेरचा पाहुणा असला तर त्याला वाटतं, ही माणसं पुढचं विसरली. पण कोणी घाई करत नाही. तेवढा वेळ हसाजीचा. मग सगळे मिळून पुढचं म्हणतात.