मुद्रेवाचून आलेला निरोप

फार जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि थोरांनीही ऐकावी, कारण ती म्हाताऱ्या माणसांची आहे, आणि म्हातारं एक दिवस सगळ्यांनाच व्हायचं असतं.

एक डोंगराळ राज्य होतं. तिथल्या वाटा इतक्या अरुंद आणि चढाच्या, की घोडा चालत नसे आणि गाडीचं तर नावच नको. म्हणून राजाची पत्रं माणसं धावत नेत. त्यांना निरोपे म्हणत. एक निरोप्या आपल्या गावापासून पुढच्या गावापर्यंत धावे, तिथल्या निरोप्याच्या हातात थैली देई, आणि तो पुढे धावत सुटे. अशी गावोगावची माणसं मिळून मोठ्या डोंगराला वळसा घालत.

पाय थकले की निरोप्याला घरी बसवत. पण राजाच्या कोठारातून त्याचं धान्य चालूच राही. दर अमावास्येला जोंधळे, तूरडाळ, गूळ आणि तेल, आणि दिवाळीच्या पाडव्याला नव्या वहाणांचा एक जोड. याला लोक ‘बसता शिधा’ म्हणत. जन्मभर धावलेल्या माणसाला बसून खाण्याचा हक्क आहे, असं त्या राज्यात मानलं जाई.

श्रावणातला एक साधा दिवस होता. एक म्हातारा निरोप्या ओसरीवर भिजवलेले वाल सोलत बसला होता. तीस वर्षांत त्याची एकही थैली उशिरा पोचली नव्हती, म्हणून सोबती त्याला नेमाजी म्हणत. त्याची बायको शेजारी बसून एक पडशी शिवत होती. पडशी प्रवासाची होती.

गोष्ट अशी, की नेमाजी जन्मभर राज्यभर धावला, आणि म्हातारी जन्मभर घरी त्याची वाट बघत बसली. डोंगरमाथ्यावर कारवीचं रान आहे, हे तिने त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. यंदा ती फुलणार होती. जायला चार दिवस, यायला चार दिवस, आणि शेवटचा चढ म्हातारीच्या गुडघ्यांना झेपणार नाही म्हणून डोली. डोलीवाल्यांना दोन पायल्या जोंधळे द्यायचे ठरले होते. म्हातारीने आयुष्यात नवऱ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट होती.

तेवढ्यात शेजारच्या गावचा ढांग्या आला. तोही बसलेला निरोप्या. तंगड्या लांब, म्हणून ढांग्या. त्याला धाप लागली होती.

“नेमाजी, बसता शिधा निम्मा होणार.”

“कोण म्हणतं?”

“कोठारावरचा मापारी. दरबारात विचार चाललाय म्हणाला. आणि हळू आवाजात म्हणाला. खरं असल्याशिवाय माणूस आवाज खाली आणतो का?”

म्हातारीने सुई थांबवली. “त्या निरोपाला मुद्रा होती का हो, भावजी?”

हा प्रश्न तिने उगीच विचारला नव्हता. निरोप्याला पहिल्या दिवशी एकच नियम शिकवत: लाखेवर राजाची मुद्रा असेल तरच निरोप न्यायचा. नेमाजीने एकदा खुद्द राजपुत्राचा तोंडी निरोप न्यायला नकार दिला होता. “मुद्रा आणा, महाराज,” असं म्हणून तो वाटेवरच बसून राहिला होता. ही हकीकत म्हातारीने शंभर वेळा ऐकली होती.

“वहिनी, ही काय राजाची थैली आहे?” ढांग्या म्हणाला. “हे आपलं आपसातलं.”

“मग आपसातच ठेवा. ताक घ्या, दम खा.”

ढांग्याने ताक घेतलं, दमही खाल्ला आणि घरी गेला. पण नेमाजीला बसवेना. तीस वर्षं बातमी हाती आली की त्याचे पाय आपोआप वाटेला लागत. वाल तसेच टाकून तो उठला, काठी घेतली आणि पुढच्या गावच्या सोबत्याला सांगायला निघाला. सोबत्याला राहवेना. तो त्याच्या पुढच्या गावाला गेला.

गुडघे कुरकुरत होते, कंबरा धरल्या होत्या, तरी चाळीस म्हातारे पुन्हा एकदा धावले. राजाची पत्रंही इतक्या झपाट्याने गेली नसतील. आणि थैली बंद असते, तोंड उघडं असतं. एका गावात ‘निम्मा होणार’ होतं, दुसऱ्या गावात ‘निम्मा झाला’ झालं, तिसऱ्या गावात कोणी म्हणालं, “निम्मा तरी किती दिवस?” डोंगराला वळसा घालून नवव्या दिवशी बातमी ढांग्याच्या दाराशी आली, तेव्हा ती ओळखू येत नव्हती.

ढांग्या लगेच नेमाजीकडे आला.

“आता शंकाच नको. या खेपेला बातमी वरच्या खोऱ्यातून आली. दिवाळीपासून शिधा बंद. मापारी इकडून सांगतो, खोरं तिकडून सांगतं. दोन दिशांनी आलेली बातमी खोटी असेल?”

नेमाजीने मान हलवली. आपणच पाठवलेला निरोप आपल्याकडे परत आला आहे, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

त्या दिवसापासून नेमाजीच्या घरात दिवाळीनंतरचे दिवस श्रावणातच सुरू झाले. दोन भाकऱ्यांची एक झाली. कण्यांच्या पेजेतला, कण्हेरीतला, गूळ गेला. दिवा लागायचा तो जेवण होताच मालवायचा. वाचलेले जोंधळे म्हातारा कणगीत भरून वर शेणाने लिंपून टाकी, आणि दिवसातून दोनदा कणगीवर हात ठेवून बघे.

“राजाने अजून दाणाही कापला नाही,” म्हातारी म्हणाली. “तुम्ही मात्र रोज कापताय. राजापेक्षा तुमचीच विळी धारेची.”

“थट्टा करू नकोस. उद्या हात पसरायची वेळ आली तर कोणापुढे पसरायचा?”

ही भीती खोटी नव्हती. त्यांना मूलबाळ नव्हतं. शिधा हाच त्यांचा कर्ता मुलगा होता.

भाद्रपद लागला. एका सकाळी म्हातारी म्हणाली, “खालच्या ओढ्याकाठची कारवी फुलली म्हणतात. म्हणजे वरची पंधरा दिवसांत फुलेल. निघायला हवं.”

नेमाजीने कणगीवरचं लिंपण चाचपून पाहिलं. मग म्हणाला, “आठ दिवसांचं पीठ. वर डोलीच्या दोन पायल्या. अगं, तेवढ्यात आपला महिना निघेल. पुढच्या खेपेला जाऊ.”

“पुढची खेप सात वर्षांनी.”

“सात वर्षं काय, बघता बघता जातील.”

म्हातारीने खुंटीवरची पडशी काढली. आत ठेवलेलं जादाचं लुगडं घडी घालून परत पेटीत ठेवलं, आणि पडशीत कांदे भरले.

दिवाळी आली. पाडव्याला वहाणा घ्यायला राज्यातले सगळे बसलेले निरोपे राजधानीत कोठारापाशी जमत. यंदा चाळीसच्या चाळीस पहाटेपासून येऊन उभे राहिले. सगळ्यांचे गाल बसले होते. ढांग्याने तर शेळीही विकली होती.

कोठाराचा कारभारी बाहेर आला. तो स्वतः पिकल्या केसांचा, शांत माणूस होता. रांगेकडे पाहून तो म्हणाला, “तुमच्याकडे दुष्काळ पडला की काय? मला कसं कळलं नाही?”

नेमाजी पुढे झाला. “कारभारी, आजपासून शिधा बंद. आम्ही विनवणी करायला आलो आहोत. पुरा नको, निम्मा तरी द्या.”

“बंद? कोण म्हणालं?”

नेमाजीने ढांग्याकडे बोट केलं. ढांग्याने वरच्या खोऱ्यातल्या म्हाताऱ्याकडे केलं. त्याने आपल्या मागच्याकडे, त्याने त्याच्या मागच्याकडे. बोटं अशी एकेक करत रांगभर फिरली. शेवटचं बोट थांबलं ते नेमाजीच्या छातीपाशी.

रांगेतली सगळी डोकी त्याच्याकडे वळली. मग मागून एक जण म्हणाला, “नेमाजी, थैली तुमच्याच दारी पोचली. वेळेवर पोचली.” चाळीस म्हाताऱ्यांत खोकला आणि हसू एकदमच फुटलं.

नेमाजी खाली मान घालून उभा होता. मूळ बातमी मापाऱ्याकडून आली, असं ढांग्याने कबूल केलं, तेव्हा कारभाऱ्याने मापाऱ्याला बोलावलं.

“मी एवढंच म्हणालो होतो,” मापारी म्हणाला, “की शिध्यात काहीतरी कमी करायचा विचार चाललाय.”

“मग निम्मा कुठून आला?”

ढांग्याने डोकं खाजवलं. “काहीतरी म्हणजे किती, याचा विचार करत मी घरी चाललो होतो. अर्ध्या वाटेवर पाव होता. नेमाजीच्या घरी पोचेतो निम्मा झाला.”

कारभाऱ्याने एक कागद उलगडून सगळ्यांना दाखवला. त्यावर लाखेची लाल मुद्रा होती. “विचार चालला होता हे खरं. घरी बसलेल्या माणसाला दर वर्षी वहाणा कशाला, दोन वर्षांतून एक जोड पुरे, असं दरबारात ठरलं. हुकूम आज निघाला. धान्याला कोणी हात लावलेला नाही.” मग कागदाची घडी घालत तो म्हणाला, “पण चूक एकट्या तुमची नाही. आम्ही विचार दाराआड केला, आणि दाराबाहेर तुम्ही होता. यापुढे तुमच्या शिध्याबद्दल नुसता विचार निघाला, तरी त्याच दिवशी मुद्रा लावून कळवू.”

हा शब्द कारभाऱ्याने पुढे पाळला.

नेमाजीला आपल्या घरातली खुंटी आठवली. तिथे गेल्या तीन पाडव्यांचे तीन कोरे जोड लटकत होते. बसलेल्या माणसाच्या वहाणा झिजतात कुठे? एवढ्याशा तोट्यासाठी त्याने तीन महिने अर्धपोटी काढले होते. तो स्वतःशीच हसला, आणि हसता हसता त्याला कारवी आठवली.

घरी येऊन त्याने कणगी फोडली. श्रावणभाद्रपदाच्या ओलीत लिंपलेल्या धान्याला कीड लागली होती. पाखडून पाखडून निम्मंही हाती आलं नाही. बाकीचं शेजारच्या कोंबड्यांनी खाल्लं, आणि त्या वर्षी गावात कोंबड्यांइतकं सुखी कोणी नव्हतं.

“पडशी रिकामी कर,” तो बायकोला म्हणाला. “उद्या निघू.”

“अहो, आता कार्तिक लागला. फुलं गेली असतील.”

“डोंगर तर असेल.”

ती दोघं निघाली. सावकाश चालली, देवळांत मुक्काम केले, ओढ्याकाठी भाकरी खाल्ली. प्रत्येक वळणावर नेमाजी म्हणे, “इथे मला एकदा वाघ दिसला होता,” आणि म्हातारी म्हणे, “इतके वाघ असते तर तुम्ही घरी आला असता का?” शेवटच्या चढाला डोली केली. दोन पायल्या मोजून दिल्या.

माथ्यावर कारवी वाळून उभी होती. जिकडे बघावं तिकडे तपकिरी काड्या आणि कोरडी बोंडं. वारा आला की सगळं रान खुळखुळे. एका धनगराने त्यांना कारवीचा मध दिला, काळसर आणि दाट. म्हातारीने तो बोटाने चाखला आणि तिचे डोळे मिटले गेले. मग ती एका दगडावर बसली.

“फुललेलं कसं दिसतं हो? तुम्ही तर पाहिलंय.”

“तीस वर्षांत चार वेळा,” नेमाजी म्हणाला. “निळं दिसतं.”

“नुसतं निळं?”

त्याने पुष्कळ आठवून पाहिलं. “धावताना तेवढंच दिसलं गं.”

म्हातारी इतकी हसली, की तिला पदर तोंडाला लावावा लागला. नेमाजीही हसला. ऊन कललं तोवर ती दोघं तिथे मध आणि भाकरी खात बसली होती. खालचं राज्य, त्यातल्या बारीक वाटा आणि त्यांवरून मुंगीएवढे धावणारे निरोपे तिने पहिल्यांदाच पाहिले.

त्यानंतरची सहा वर्षं त्यांची सुखात गेली. ताटात पुन्हा दोन भाकऱ्या आल्या, कण्हेरीत गूळ आला. दरबारातून मुद्रा लावलेले विचार अधूनमधून येत. काही मागे घेतले जात, काही अमलात येत. एका वर्षी तेल थोडं घटलं, तेव्हा त्यांनी तेल थोडं बेतानं वापरलं, आणि ते घटल्यावर वापरलं, आधी नाही. जिथे जावंसं वाटलं तिथे ती दोघं जाऊन आली. सहाव्या वर्षी, माघात, म्हातारी दोन दिवसांच्या तापाने गेली.

पुढच्या भाद्रपदात कारवी फुलली. नेमाजी हळूहळू चालत वर गेला, रानात उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत बघत राहिला. कारवी नुसती निळी नसते, हे त्याला तेव्हा कळलं.

नव्याने घरी बसलेले निरोपे कुठलीतरी कुजबुज घेऊन त्याच्याकडे येत. तो त्यांना ताक देई आणि एवढंच सांगे: राजा नेईल ते राजाने नेल्यावर सोडावं, भीतीच्या हाती आधीच दिलेलं कोणाचाही हुकूम परत आणून देत नाही.

त्याच्या म्हातारीला फुललेली कारवी दाखवायची राहिली.