केरबाची राळ

उसाच्या पट्ट्यातल्या एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी राहत होता. सांगितलेली गोष्ट तो कधी विसरत नसे. अडचण तेवढीच होती.

त्या गावात हिंदुरावांचं गुऱ्हाळ होतं. उसाचा चरक वडिलांच्या वेळचा, इंजिनही तेव्हाचंच. हिंदुरावांच्या वत्सलाचं लग्न जमत आलं होतं. मुलाचे वडील व्यंकटराव शुक्रवारी गुऱ्हाळावर रस प्यायला येणार होते आणि तिथंच होकार देणार होते. पण त्यांची एक खोड होती. माणसांच्या आधी ते त्यांची अवजारं बघत. गंजका विळा दिसला म्हणून मागच्या वर्षी त्यांनी एक स्थळ सोडलं होतं.

सोमवारी हिंदुरावांनी केरबाला बोलावलं.

"केरबा, शुक्रवारी यंत्र कसं सुरसुर फिरलं पाहिजे. जिथं घासतंय तिथं ग्रीस लाव. कोरडं घासलं की झिजतंय."

"व्हय मालक."

केरबानं लक्षात ठेवलं. चरकाच्या दातेरी चाकांना त्यानं ग्रीस लावलं. ते बरोबर केलं. मग बघतो तर इंजिनाचा पट्टाही चाकाला घासत होता. त्यालाही लावलं. चांगलं बोटभर जाड.

मंगळवारी इंजिन सुरू झालं. इंजिन पळत होतं, पट्टा घसरत होता, चरक उभा होता.

"आरं, पट्ट्याला कुणी ग्रीस लावतंय व्हय?" इंजिन चालवणारे दस्तगीरचाचा ओरडले. "त्याला पकड लागते. पकड लागते तिथं चिकट राळ लावायची."

केरबानं लक्षात ठेवलं. पट्टा पुसून राळ लावली. चरक फिरला. डब्यात राळ उरली. पकड आणखी कशाला लागते, याचा केरबानं दुपारभर विचार केला. इंजिन फिरवून सुरू करायच्या सुट्या हँडलला लागते. त्यानं राळ चुलीवर पातळ केली आणि हँडलला लावली.

बुधवारी चाचांनी हँडल उचललं. मग खाली ठेवायला गेले. ठेवता येईना. त्या दुपारी ते हँडलसकट घरी गेले. चाचींनी त्यांना घास भरवले आणि मग रॉकेलनं हात सोडवला.

हिंदुराव म्हणाले, "हाताला लागंल तिथं राळ लावायची न्हाई, शहाण्या! जा, गंजलेलं काय असंल ते बघ. आधी पॉलिश पेपरनं घास, मग दोन हात रंग दे. आणि चोवीस तास कुणाला हात लावू देऊ नको."

केरबानं लक्षात ठेवलं. गुऱ्हाळात सगळ्यात गंजकी वस्तू होती रस गाळायची जाळी. त्यानं ती घासली. दोन हात रंग दिला. निळा.

गुरुवारी हिंदुराव जाळी घ्यायला गेले तर केरबा हात पसरून आडवा उभा.

"चोवीस तास झाले न्हाईत, मालक."

"सरक बाजूला. हिची भोकं कुठं गेली?"

"लई पडली होती, मालक. सगळी बुजवली."

हिंदुराव तिथंच खाली बसले. मग उठून तालुक्याला गेले आणि नवी जाळी आणली. आल्यावर केरबाला एवढंच म्हणाले, "ज्याची वस्तू, त्याला आधी विचारायचं. मग हात लावायचा."

केरबानं लक्षात ठेवलं.

शुक्रवारी व्यंकटराव आले. चरक बघितला, पट्टा बघितला, हँडल हातात घेऊन बघितलं. कुठं नाव ठेवायला जागा नव्हती. हिंदुरावांचा जीव भांड्यात पडला. पाहुणे बाजेवर टेकले. काकवी दाताला चिकटते म्हणून त्यांनी वरची-खालची कवळी काढून वाटीत ठेवली आणि हिरड्यांनीच काकवी खाऊ लागले.

"लई हलतीया ही कवळी," ते म्हणाले. "पकडच राहिली न्हाई."

केरबा जवळच उभा होता. त्यानं विचार केला. कवळी हाताला लागत नाही, तोंडाला लागते. म्हणजे राळ चालेल. आता विचारायचं तेवढं राहिलं.

"आबा, पकड बसवून देऊ?"

पाहुण्यांच्या तोंडात काकवी होती. "हं," ते म्हणाले.

केरबानं कवळी पॉलिश पेपरनं घासली. राळ पातळ केली. आतली बाजू कुठली ते कळेना, म्हणून सगळीकडून लावली आणि कवळी वाटीत परत ठेवली.

माणसं जमली. वत्सला चिपाडाच्या ढिगाशी साखरेची वाटी घेऊन उभी राहिली. व्यंकटरावांनी कवळी बसवली, पटका सारखा केला आणि बोलायच्या आधी कवळी पक्की बसावी म्हणून दातावर दात घट्ट दाबले.

तोंड पुन्हा उघडलं नाही.

"हंऽ! हंऽऽ!" पाहुणे म्हणाले.

"केरबा, काय लावलंस?" हिंदुरावांचा आवाजच चिरकला.

"राळ, मालक. दातावर दात घासतोय म्हणून ग्रीसच लावणार होतो. पण पकड हवी तिथं ग्रीस चालत न्हाई, चाचांनी सांगितलंय."

दस्तगीरचाचा रॉकेलची बाटली घेऊन धावले. हिंदुराव धावले. केरबा बाजेपुढं हात पसरून आडवा उभा राहिला.

"कुणी हात लावायचा न्हाई!"

मग तो चिपाडाच्या ढिगाकडं वळला आणि शांतपणे म्हणाला,

"ताईसाहेब, ती साखर झाकून ठेवा. होकार उद्या याच वेळेला मिळंल. सुकला की."